जोखीम आमची, हिशेब दुसऱ्यांचा

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या मोहल्ल्यामोहल्ल्यांत गुणवंतांचे सत्कार होतात. व्यासपीठावरून वक्ते सांगतात, तालीम हासील करा. कोणती तालीम, हे मात्र आधीच ठरलेले असते. मुलगा फार्मसीला किंवा इंजिनिअरिंगला जाईल, मुलगी बी.एड. करील आणि ज्याला यांपैकी काहीच परवडत नाही तो 'फायर अँड सेफ्टी'चा वर्षभराचा डिप्लोमा करून आखाताचा व्हिसा शोधील. या सर्व वाटा सन्मानाच्या आहेत, त्यांच्याविषयी आमची तक्रार नाही. आमची तक्रार आहे ती एका ओस पडलेल्या वाटेविषयी. पर्यावरणातून आणि समाजव्यवस्थेतून माणसाच्या जिवावर येणाऱ्या जोखमीचा पदव्युत्तर पातळीवर अभ्यास करणे, ही ती वाट होय. कोणी म्हणेल, हे कसले नवे खूळ? अशांना आम्ही बुटीबोरीला येण्याचे आमंत्रण देतो.

नागपूरहून वर्धा रोडने दक्षिणेला निघाले की सुमारे ३० किलोमीटरवर बुटीबोरी लागते. कापूस-सोयाबीनच्या शिवारातले हे गाव आज विदर्भातील सर्वांत मोठ्या औद्योगिक वसाहतीच्या नावाने ओळखले जाते. पॉलिएस्टरचा धागा, पोलाद, यंत्रांचे भाग, खाद्यपदार्थ, रसायने असे सर्व काही येथे बनते. जे बनते ते बाहेर जाते आणि जे उरते ते येथेच राहते. कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी सामाईक प्रक्रिया केंद्र आहे. घातक कचरा पुरण्या-जाळण्याची महाराष्ट्रात जी मोजकी सामाईक ठिकाणे आहेत, त्यांत तळोजा, महापे आणि रांजणगाव यांच्याबरोबर बुटीबोरीचे नाव आहे. म्हणजे विदर्भातील कारखान्यांचे नकोसे झालेले विष बुटीबोरीच्या पोटात जाते.

हे पोट कसे असते, तेही वाचकांनी समजून घ्यावे. मोठा खड्डा खणून तळाशी चिकणमाती दाबून बसवितात. तिच्यावर जाड प्लास्टिकचा पडदा अंथरतात. झिरपणारे विषारी पाणी गोळा करण्यासाठी नळ्या टाकतात आणि मग कचऱ्याचे थर रचतात. खड्डा भरला की वरून पुन्हा तसेच झाकण घालतात. त्यानंतरही सुमारे ३० वर्षे आसपासचे भूजल तपासत राहावे, असा दंडक आहे. आज बुटीबोरीत जन्मलेले मूल स्वतः आई किंवा बाप होईपर्यंत ही राखण चालायची आहे. ही व्यवस्था वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. उघड्या नाल्यात विष सोडून देण्यापेक्षा ती शतपटीने बरी. परंतु ३० वर्षे ज्या विहिरींचे पाणी तपासायचे त्या विहिरींच्या मालकांपैकी, त्या पाण्यावर जगणाऱ्यांपैकी किती जणांना तो तपासणीचा कागद वाचता येतो? आणि वाचता येत नसेल, तर ही राखण नेमकी कोण कोणाची करतो आहे?

या वसाहतीत घाम गाळणारा माणूस बहुतांशी ठेकेदाराच्या हजेरीपटावरचा आहे. तो भंडारा-गोंदियाहून येतो तसाच बिहार-झारखंडहूनही येतो. त्यांत दलित आहेत, आदिवासी आहेत, ओबीसी आहेत आणि आमचे मुसलमानही आहेत. आमचे लोक वेल्डिंग करतात, ट्रक चालवितात, रंगकाम करतात आणि भंगार उचलतात. भंगाराचेच घ्या. रसायनाचा रिकामा ड्रम कबाड्याकडे येतो, तो धुतला जातो आणि कोणाच्या तरी अंगणात पाणी साठवायला उभा राहतो. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतील पहिल्या अनुसूचीत ३३.१ या क्रमांकावर रसायनाने माखलेले रिकामे पिंप स्पष्टपणे नोंदलेले आहे. कायद्याच्या दृष्टीने जी वस्तू घातक कचरा, ती आमच्या भंगारवाल्याच्या दृष्टीने रोजी. या दोन दृष्टींच्या मध्ये उभा राहून दोघांनाही समजेल अशा भाषेत बोलणारा माणूस आमच्याकडे नाही. तोच आम्हाला हवा आहे.

आता २०११ सालची एक हकीकत आठवावी. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरच्या मध्यरात्री मिथाइल आयसोसायनेट सुटले आणि हजारो माणसे मेली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या कारखान्यात मागे राहिलेल्या कचऱ्याचे काय करायचे, हा प्रश्न मात्र पुढे चाळीस वर्षे लोंबकळत राहिला. २००७ च्या सुमारास तो गुजरातमध्ये अंकलेश्वरला जाळायचे ठरले, गुजरातने नकार दिला. मग २०११ मध्ये सुमारे ३४६ टन कचरा नागपूरजवळ बोरखेडी येथे संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीत जाळण्याचा निर्णय पुढे आला. बोरखेडी म्हणजे नागपूर-वर्धा लोहमार्गावर बुटीबोरीच्या पुढचे स्थानक. विदर्भ खडबडून जागा झाला. पर्यावरणवादी संघटना न्यायालयात गेल्या, विधिमंडळात आवाज उठला, राज्य सरकारने विरोध केला आणि नागपूर खंडपीठाच्या स्थगितीनंतर तो बेत बारगळला.

विदर्भाने सुटकेचा निःश्वास टाकला. पण कचरा हवेत विरला नव्हता. १ जानेवारी २०२५ च्या रात्री १२ बंद कंटेनरांतून ३३७ टन कचरा भोपाळहून धार जिल्ह्यातील पिथमपूरला नेण्यात आला. पिथमपूर म्हणजे मध्य प्रदेशातील बुटीबोरीच! तशीच औद्योगिक वसाहत, तसेच ठेकेदारी मजूर, तशाच भाड्याच्या खोल्या. तेथेही लोक रस्त्यावर उतरले, दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. न्यायालयाच्या देखरेखीखाली आधी चाचणी म्हणून आणि मग ३० जून २०२५ पर्यंत सर्व कचरा जाळला गेला. जाळताना चुना वगैरे मिसळावा लागत असल्याने राख मूळ कचऱ्यापेक्षा जास्त, ८०० टनांहून अधिक निघाली आणि ती कोठे पुरायची, यावर पुन्हा न्यायालयात वाद उभा राहिला.

या हकीकतीतून आम्ही काय घ्यायचे? २०११ मध्ये विदर्भाने विरोध केला तो योग्यच होता. परंतु पाहुणे म्हणून येणाऱ्या विषाविरुद्ध जो गहजब झाला, त्याच्या शतांशानेही घरच्या विषाची विचारपूस त्यानंतर झाली नाही. भट्टीचे तापमान किती असावे, धुराड्यातून निघणारे डायॉक्सिन कोण, किती दिवसांनी आणि कोणत्या प्रयोगशाळेत मोजते, वारा कोणत्या महिन्यात कोणत्या वस्तीकडे वाहतो, हे प्रश्न पाहुण्याला विचारायचे असतील तर घरच्यालाही विचारले पाहिजेत. मोर्चाला तेवढी माहिती लागत नाही. मोर्चा 'नको' एवढेच सांगू शकतो. 'नको' म्हटल्यावर ते विष आपल्यापेक्षा दुबळ्याच्या दारात जाऊन पडते, कारण ते नाहीसे कसे करावे याचे उत्तर मोर्चाकडे नसते. ते उत्तर अभ्यासातून येते. ज्याच्याकडे अभ्यास आहे त्याचे म्हणणे कागदावर राहते आणि ज्याच्याकडे फक्त घोषणा आहे त्याची बातमी दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते.

या विषयाचे शास्त्र आज बरेच विकसित झाले आहे. त्याचा पहिला धडा असा की धोका आणि जोखीम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमोनियाची टाकी हा धोका. त्या टाकीपासून किती अंतरावर किती माणसे राहतात, ती रात्री कोठे झोपतात, त्यांत म्हातारी व दमेकरी किती, त्यांना पळायला रस्ता कोणता, त्यांच्या शब्दाला गावात वजन किती, हे सर्व मिळून जोखीम होते. टाकी इंजिनिअर मोजू शकतो. बाकीचे मोजायला समाज समजणारा माणूस लागतो. टाकीभोवती नकाशावर वर्तुळे काढून त्यांतील माणसे मोजली जातात. ती माणसे जनगणनेतून घ्यावीत, तर २०११ नंतरची जनगणना २०२१ मध्ये झालीच नाही. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे सहा-आठ मजूर त्या वर्तुळात किती धरले जात असतील, याचा विचार वाचकांनीच करावा.

जर्मन समाजशास्त्रज्ञ उलरिच बेक यांनी १९८६ मध्ये, म्हणजे चेर्नोबिलच्याच वर्षी, 'जोखमीचा समाज' ही कल्पना मांडली. नव्या काळातील धोके देशाच्या आणि वर्गाच्या सीमा मानत नाहीत, हा त्या मांडणीचा सर्वांत गाजलेला भाग. गरिबीकडे जोखीम अधिक ओढली जाते, हेही बेक यांनी मान्य केले होते, पण ते तितकेसे गाजले नाही. अमेरिकेत मात्र तेच गाजविणारे लोक निघाले. १९८२ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील वॉरेन काउंटीत विषारी माती पुरण्यासाठी काळ्या लोकांच्या वस्तीजवळची जागा निवडली गेली. लोक रस्त्यावर आडवे झाले, पाचशेहून अधिकांना अटक झाली, तरी माती पुरली गेलीच. पुढे १९८७ मध्ये एका चर्चसंस्थेने देशभरातील घातक कचऱ्याच्या जागा आणि तेथील लोकवस्ती यांचा ताळा मांडला. जागा कोठे येणार, हे ठरविणाऱ्या घटकांत वंशाचा वाटा सर्वांत मोठा असल्याचे त्यात दिसून आले. त्यातून पर्यावरणीय न्यायाची चळवळ फोफावली. वॉरेन काउंटीत मोर्चा हरला आणि आकडे जिंकले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. तळोजापासून बुटीबोरीपर्यंत कोणत्या जमातीची, कोणत्या जातीची, कोणत्या मजुरीची माणसे कशाच्या शेजारी राहतात, याचा असा ताळा आमच्या मुलामुलींनी का मांडू नये?

'समाजव्यवस्थेतील जोखीम' या शब्दांचा अर्थ आमच्या समाजाला पुस्तकातून शिकावा लागत नाही. दंगलीने तो शिकविला आहे. मिश्र वस्तीत घर मिळत नाही म्हणून आणि मिळाले तरी भीती वाटते म्हणून आमची माणसे एकमेकांना धरून राहतात आणि शहर त्यांना राहायला जी जागा देते ती नाल्याकाठची, खाडीकाठची, नाहीतर कचऱ्याच्या डोंगराखालची असते. मुंबईत देवनारचे डंपिंग १९२७ पासूनचे. त्याच्या कुशीत गोवंडी-शिवाजीनगर वसले. जानेवारी २०१६ मध्ये त्या डोंगराला आग लागली तेव्हा अर्धी मुंबई काही दिवस खोकली आणि बातम्या झाल्या. गोवंडी त्याआधीही खोकत होती आणि त्यानंतरही खोकते आहे. दंगलीच्या भीतीने माणूस जेथे ढकलला जातो तेथेच धूर त्याला गाठतो. एक जोखीम दुसरीला जन्म देते. या दोन्हींचा एकत्र अभ्यास करणारी विद्याशाखा जगात उभी असताना, ज्यांच्या अंगावर दोन्ही एकत्र आल्या त्यांची मुले त्या वर्गात नसावीत, याला काय म्हणावे?

येथे एक आवाज हमखास उठतो. म्हणतात, मौत का वक्त मुकर्रर है; जे तकदिरीत असेल ते होईल. असे म्हणणाऱ्यांना आम्ही हिजरी १८, म्हणजे इसवी ६३९ चा प्रसंग सांगू. हजरत उमर (रजि.) शामच्या दौऱ्यावर निघाले असता सीमेवरील सर्ग येथे त्यांना पुढे प्लेग पसरल्याची खबर मिळाली. त्यांनी एकट्याने निर्णय घेतला नाही. आधी मुहाजिरांना, मग अन्सारांना, मग कुरैशच्या बुजुर्गांना बोलावून मशविरा केला आणि काफिला मागे फिरविला. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी हरकत घेतली की, हे अल्लाहच्या तकदिरीपासून पळणे नाही काय? खलिफांचे उत्तर असे होते की आपण एका तकदिरीकडून दुसऱ्या तकदिरीकडे जात आहोत. त्यांनी दाखला दिला तो उंट चारणाऱ्याचा: दरीची एक बाजू हिरवी आणि दुसरी उजाड असेल, तर उंट कोणत्याही बाजूला चारला तरी ती तकदीरच. खबर घेणे, जाणकारांना विचारणे, संभाव्य नुकसान तोलणे आणि मग माणसांचा जीव वाचेल असे पाऊल उचलणे, ही चारही कामे आजच्या जोखीमशास्त्राची आहेत. उंट बांधून मग भरवसा ठेवण्याची शिकवण ज्या उम्मतीला मिळाली, तिने तकदिरीच्या नावाखाली दोर टाकून द्यावा, हा दीनाचा सन्मान खचित नव्हे.

दुसरा आवाज व्यवहाराचा असतो. हे शिकून नोकरी कोठे? २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्ह्याजिल्ह्यात प्राधिकरणे उभी केली. प्रदूषण मंडळे आहेत, विमा कंपन्या आहेत, कारखान्यांचे सुरक्षा विभाग आहेत. पर्यावरण आघाताचे अहवाल लिहिणाऱ्या सल्लागार संस्थांना मान्यता हवी असेल तर जोखीम व धोका या विषयाचा आणि सामाजिक-आर्थिक विषयाचा तज्ज्ञ दाखवावा लागतो. या तज्ज्ञाच्या सहीने एखादे गाव नकाशावर 'अल्प परिणाम' या रकान्यात जाते. त्या सहीत आमचा हात नाही. वर्षभराचा डिप्लोमा केलेला आमचा मुलगा कारखान्याच्या दारात हेल्मेट घालून उभा राहतो आणि कामगाराने पट्टा बांधला की नाही ते बघतो. ते काम मोलाचे आहे. पण नियम कोणी ठरविला, भट्टी येथेच का आली, ठेकेदाराच्या माणसाला मुखवटा का मिळाला नाही, हे विचारण्याचा अधिकार डिप्लोमा देत नाही. भोपाळच्या त्याच कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन वायूने अश्रफ खान हा कामगार मेला. त्याच्या मृत्यूने हादरलेल्या राजकुमार केसवानी या पत्रकाराने १९८२ पासून शहराला वारंवार इशारे दिले. पण त्या इशाऱ्यांना अभ्यासाचे आणि अधिकाराचे बळ देणारी यंत्रणा शहरात नव्हती. १९८४ च्या त्या रात्री ओले फडके तोंडावर धरून वाऱ्याच्या आडव्या दिशेने जावे, एवढे साधे ज्ञानही वस्त्यांपर्यंत पोहोचलेले नव्हते.

भोपाळनंतर कायदे बदलले. १९८७ च्या दुरुस्तीने कारखाने कायद्यात ४१-बी कलम आले. धोकादायक प्रक्रिया चालविणाऱ्याने तिची माहिती कामगारांना आणि आसपासच्या जनतेलाही दिली पाहिजे, असे बंधन त्यात होते. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षाविषयक संहितेतही ही तरतूद आली आहे. १९८९ च्या नियमांनी कारखान्याच्या आतली आपत्कालीन योजना मालकाने आणि बाहेरची योजना जिल्हा प्रशासनाने करावी असे ठरविले. हक्क कागदावर आहे. पण दुसरीकडे २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेने मान्यताप्राप्त औद्योगिक वसाहतीत येणाऱ्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट मिळण्याची वाट ठेवली. म्हणजे बुटीबोरीसारख्या ठिकाणी नव्या प्रकल्पाविषयी लोकांनी उभे राहून प्रश्न विचारण्याचा प्रसंगच अनेकदा येत नाही. अशा वेळी माहिती मागून घेणारा, ती वाचणारा आणि मराठीत समजावून सांगणारा माणूस गावात असणे, हीच जनसुनावणी. तो माणूस कोणत्या विद्यापीठात तयार होतो आहे?

येथे नागपूरलाही चार शब्द सुनावणे भाग आहे. देशातील स्फोटके आणि पेट्रोलियम यांच्या सुरक्षेची सर्वोच्च कचेरी नागपुरात आहे. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय येथे आहे. नागरी संरक्षणाचे राष्ट्रीय महाविद्यालय १९५७ पासून येथे होते आणि आता राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची अकादमी येथे आहे. १९५८ मध्ये स्थापन झालेली 'नीरी' येथे आहे. भोपाळच्या आवारातील माती आणि भूजल तपासून २०१० मध्ये अहवाल देणाऱ्यांत हीच संस्था होती. १९२३ चे विद्यापीठ येथे आहे. धोक्याचे इतके ज्ञान क्वचितच दुसऱ्या एखाद्या शहरात एकवटले असेल. आणि याच नागपूर जिल्ह्यात बाजारगावला १७ डिसेंबर २०२३ रोजी स्फोटकांच्या कारखान्यात नऊ कामगार मेले, त्यांत सहा स्त्रिया होत्या. शेजारच्या भंडारा जिल्ह्यात जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी आठ जण मेले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. या संस्थांतून ज्ञान दिल्लीला जाते, परिषदांना जाते, इंग्रजी नियतकालिकांत जाते. ३० किलोमीटरवरच्या बुटीबोरीला जायला मात्र त्याला बस मिळत नाही!

त्सुनामीनंतर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने आपत्ती व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण सुरू केले. मुंबईत जे होऊ शकते ते नागपुरात का होऊ नये? येथील विद्यापीठाने 'नीरी' आणि अग्निशमन महाविद्यालय यांना सोबत घेऊन पर्यावरणीय व सामाजिक जोखमीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम उभारावा. त्यात रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने समाजशास्त्र शिकावे आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने वाऱ्याची दिशा व विषाचे प्रमाण शिकावे. बुटीबोरी ही त्यांची प्रयोगशाळा असावी आणि प्रत्येक प्रबंधाचा मराठी गोषवारा तेथील नगर परिषदेत, ग्रामपंचायतीत, मशिदीत आणि बुद्धविहारात ठेवण्याची सक्ती असावी.

काही प्रश्न असे आहेत की ते आमच्याच मुलांना सुचतील. २०१८ आणि २०१९ मध्ये रमजान मे-जूनच्या उन्हाळ्यात आला होता. नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे असताना निर्जळी रोजा धरून भट्टीसमोर पाळी करणाऱ्या कामगाराच्या शरीराचे काय होते, त्याची पाळी रात्रीची करता येते काय, शरियत आजाऱ्याला आणि प्रवाशाला दिलेली सवलत येथे कशी लागू करते, हा डॉक्टर, कामगार अधिकारी आणि आलिम या तिघांनी मिळून सोडविण्याचा प्रश्न आहे. चांद्रवर्षाच्या चक्राने सुमारे ३३ वर्षांनी रमजान पुन्हा त्याच महिन्यांत येतो. म्हणजे या शतकाच्या मध्याला हा प्रश्न अधिक तापलेल्या हवेत परत येणार आहे. उत्तर आजच शोधायला हवे. दुसरे उदाहरण भोंग्याचे. २०२२ मध्ये मशिदींच्या भोंग्यांवरून महाराष्ट्रात राजकारण तापले. वायुगळतीच्या वेळी वस्तीला पाच मिनिटांत सावध करू शकणारे ध्वनिक्षेपक मशिदीवर, मंदिरावर आणि विहारावर आधीपासून बसलेले आहेत. जिल्ह्याच्या आपत्कालीन योजनेत त्यांची नोंद करून घ्या, असे त्या वेळी अभ्यासाच्या बळावर सांगणारा कोणी आमच्यातून उभा राहिला असता तर वादाची भाषाच पालटली असती. तिसरे उदाहरण भट्टीत काम करून आलेल्या नवऱ्याचे कपडे रोज हाताने धुणाऱ्या बाईचे. ती कारखान्यात कधी गेली नाही, म्हणून कोणत्याही नोंदवहीत नाही. तिच्या उंबऱ्याच्या आत जाऊन हे विचारील ती आमची मुलगीच. म्हणून या शिक्षणात मुलींना आम्ही पहिला मान देतो.

पैशाचा प्रश्न खराच आहे. सच्चर समितीने २००६ मध्ये दाखविले होते की नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या २५ विद्यार्थ्यांत एक आणि पदव्युत्तरच्या ५० विद्यार्थ्यांत एकच मुसलमान आहे. त्यानंतर सुरू झालेली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप केंद्राने २०२२-२३ पासून बंद केली. परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याजात सूट देणारी 'पढो परदेश' योजनाही त्याच सुमारास गुंडाळली. पन्नासात एक असलेला समाज फारच पुढे गेला, असे सरकारला वाटले असावे! याविरुद्ध आवाज उठविलाच पाहिजे. राज्याने २०२४ मध्ये अल्पसंख्याकांसाठी 'मार्टी' या संशोधन व प्रशिक्षण संस्थेला मंजुरी दिली. तिच्याकडून केवळ स्पर्धा परीक्षांचे वर्ग मागून भागणार नाही. या विषयातील संशोधनवृत्ती मागितल्या पाहिजेत. आणि सरकारच्या तोंडाकडे बघत बसण्यापूर्वी आमच्या जमातींनी आपल्या हातातले करावे. दरवर्षी निघणाऱ्या जकातीतून गरजू विद्यार्थ्याला शिक्षणासाठी मदत करता येते. प्रत्येक जिल्ह्याच्या जमातीने दर वर्षी एका मुलाची आणि एका मुलीची दोन वर्षांची फी व खानावळ उचलली, तर दहा वर्षांत या राज्यातील कोणत्याही औद्योगिक वसाहतीत आमचा एक जाणकार उभा असेल. एका वलीम्याच्या खर्चात हे बसते, हेही आम्ही स्पष्टपणे सांगतो.

हा प्रश्न केवळ मुसलमानांचा आहे असे समजून कोणी वाचू नये. धूर जात विचारून नाकात शिरत नाही, पण वस्ती जात विचारूनच दिली जाते. म्हणून बुटीबोरीत आमच्या मुलाने मांडलेला ताळा शेजारच्या बौद्ध कामगाराच्या, गोंड मजुराच्या आणि कुणबी शेतकऱ्याच्याही कामी येईल. ज्या दिवशी त्यांच्या विहिरीच्या पाण्याचा कागद आमची मुलगी वाचून दाखवील, त्या दिवशी जातीय सलोख्याच्या दहा परिषदांचे काम झालेले असेल.

आणि शेवटी आम्हा लिहिणाऱ्यांविषयी. १९९० च्या सोलापूरच्या पहिल्या मुस्लिम मराठी साहित्य संमेलनापासून आम्ही आमचे जगणे मराठीत मांडत आलो. दंगल लिहिली, तलाक लिहिला, बेकारी आणि परकेपण लिहिले. कारखान्याच्या भिंतीबाहेरचे आमचे जगणे अजून लिहायचे आहे आणि ते लिहिताना अश्रूंबरोबर आकडेही लागतील. तोवर येत्या जूनमध्ये गुणवंतांच्या सत्काराला उभ्या राहणाऱ्या प्रत्येक वक्त्याला आमची एकच विनंती आहे. समोर बसलेल्या विज्ञानाच्या आणि समाजशास्त्राच्या पदवीधर मुलामुलींची नावे विचारा, त्यांच्यापैकी दोघांना निवडा, त्यांच्या पुढील दोन वर्षांच्या फीचा आकडा तेथेच जाहीर करा आणि मग तालमीवर भाषण करा.